थोरलीचा टाक

२८ जुलै, सोमवार

मावशी आज वडूजच्या गाडीने आल्या. एकट्याच. मला स्टँडवर पोचायला उशीर झाला, तर त्या पिशवी मांडीवर घेऊन बाकाच्या कडेला बसल्या होत्या. शाळा सुटल्यावर न्यायला कुणी न आलेली मुलं अशी बसतात. पाऊस नव्हता, गार वारं नव्हतं, तरी पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला.

घरी आल्यावर म्हटलं, "बघू." त्यांनी पदर सोडला. गळ्याच्या डाव्या अंगाला लिंबाएवढी गाठ.

"कधीपासून आहे ही?"

"हाय की. तुजं आबा हुतं तवापस्नंच हाताला लागत हुती."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"तवा आबांचं दुखणं काढायचं, का माजं सांगत बसायचं?"

आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार होऊन घरी आलेले. त्यांना जाऊन दीड वर्ष होईल. मावशी त्यांची दुसरी बायको. माझी आई हरणा दुसऱ्या बाळंतपणात गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. वर्ष सरायच्या आत मावशी घरात आल्या. त्यांना मूल झालं नाही. मी त्यांना मावशी म्हणते आणि अहोजाहो करते. चाळीस वर्षं तेच चाललंय. त्यांनीही कधी वेगळं काही म्हण म्हटलं नाही.

गाठीच्या खाली काळा दोरा आणि दोऱ्यात आईचा टाक. आमच्याकडे दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. चांदीचा, रुपयाएवढा, त्यावर उभ्या बाईची आकृती. गेलेलीने मागून आलेलीला त्रास देऊ नये म्हणून. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, सणाचा पहिला घास टाकाला लावायचा, मग आपण. मावशींनी हे सगळं पाळलं. टाकाला त्या 'थोरली' म्हणतात. थोरलीला इचारते. थोरलीला न्हाई आवडायचं. लहानपणी मला या बोलण्याचा फार राग यायचा. माझी आई यांच्या गळ्यात का लटकते, एवढंच कळायचं.

आबा गेले तेव्हा बायकांनी मावशींचं मंगळसूत्र उतरवलं. टाकाला हात घातला तर मावशींनी तो मुठीत धरला. म्हणाल्या, "ती अहेव गेलीया. तिचं कशापायी काढताय?"

आईचा फोटो नाही. लग्नातला एक होता, त्याला वाळवी लागली.

३१ जुलै

मिरजेला दाखवून आणलं. गाठ काढावी लागेल म्हणाले डॉक्टर, आणि काढल्यावर तपासायला पाठवावी लागेल. मावशींनी मान डोलवली. जणू दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय.

परतताना रिक्षा तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून निघाली. दुकानाबाहेर वाळलेले भोपळे टांगलेले.

"येवढं भोपळं?"

"तंबोऱ्याला लागतात, मावशी."

"खायाचं न्हाईत व्हय." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "बाजूला बसल्याली बाई म्हनत हुती, गळा कापला की कवाकवा आवाज जातोय."

"तसं काही होत नाही."

"गेला तर गेला. मला कुनाशी बोलायचंय? थोरलीशी बोलाया आवाज लागत न्हाई."



४ ऑगस्ट

श्रावण अमावास्येच्या मातृदिनासाठी शाळेत मोठा फलक करायचाय. सरांनी विषय दिला, 'देशोदेशीची आई'. चित्रं पायलची, मजकूर माझा. पायल चित्रकला शिकवते, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, आणि मनातलं तोंडावर बोलते. म्हणून मला ती आवडते आणि म्हणून थोडी भीतीही वाटते.

मेक्सिकोत मुलं पहाटे आईच्या दाराशी जाऊन गाणी म्हणतात. इथिओपियात पावसाळा सरला की लेकी भाज्या आणि लोणी घेऊन, मुलगे मांस घेऊन आईकडे जमतात, आणि आई ते सगळं एका भांड्यात शिजवते. जपानात आई असलेल्यांनी लाल फूल लावायचं, नसलेल्यांनी पांढरं, अशी रीत होती म्हणे. आपली पिठोरी मी शेवटी लिहिली. आई नैवेद्याचं ताट डोक्यावर धरून पाठमोरी उभी राहते, विचारते, "अतीत कोण?" आणि मूल मागून म्हणतं, "मी."

पायलने विचारलं, "मॅडम, तुमच्या आई करायच्या हे?"

"नाही गं. मी लहान होते."

मावशींनी केलं होतं, एकदोनदा. उंबऱ्यात पाठमोऱ्या उभ्या राहिल्या होत्या ताट घेऊन. विचारलं त्यांनी. मी उत्तर दिलं नाही. ते आईने विचारायचं असतं, असं मला वाटलं. पुढे त्यांनी सोडून दिलं.

पायल म्हणाली, "आमच्यात पान वाढणं वगैरे नाही. आई गेली त्या दिवशी आम्ही वंदना घेतो, खीर करतो आणि तिच्या नावाने शाळेला पुस्तकं देतो. तिला वाचता येत नव्हतं ना, म्हणून मुद्दाम पुस्तकंच."

मुलांना 'आईची आठवण' लिहायला दिलीय. माझी मी इथे लिहिते, कारण वर्गात सांगण्याएवढी ती मोठी नाही. मला एकच आहे.

अंधारी खोली. दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला, म्हणजे गोवर असणार. अंग पेटलेलं. एक बाई माझ्यावर वाकते. तोंड दिसत नाही, मागून उजेड आहे. हाताला पिठाचा वास. ती वाकली की तिच्या गळ्यातलं काहीतरी थंड माझ्या कपाळाला टेकतं, जरा हलतं, मग नाकावर येतं. ते टेकावं म्हणून मी पुन्हा पुन्हा रडून तिला बोलावते, आणि ती दर वेळी येते.

एवढीच आई. चाळीस वर्षं मी हिच्यावर काढली.

६ ऑगस्ट

रहिमतपूरहून बनूआत्याचा फोन. आबांची धाकटी बहीण, पण घरातलं शेवटचं बोलणं नेहमी तिचं. मी सहज म्हटलं, यंदा आईच्या नवमीला गावी येणं जमेल की नाही, मावशींच्या तब्येतीवर आहे.

"कसली नवमी?"

"अहेव नवमी. पितृपक्षातली."

"आगं, नवरा हाय तवर नवमी. गेल्या साली नाथादादाचं, तुझ्या आबांचं, वर्ष सरलं नव्हतं म्हणून काही केलंच नाही, त्याच्या आधी करत होतो ते तो होता म्हणून. आता तिला वेगळा दिवस नाही. दादाच्या तिथीला दोघांचं एकत्र."

"म्हणजे बंदच?"

"बंद कशाला म्हणतीस? मिळाली म्हणायचं. नवऱ्याला मिळाली."

मी जेवले नाही. दरवर्षी नवमीला मी नवी साडी घेऊन जायची. शेजारची एक सवाष्ण जेवायला बसायची, मावशी रांधायच्या. कारल्याची गूळ घालून भाजी आणि हुलग्याचं माडगं असायचंच, कारण आईला ते आवडायचं. आबांनी कधीतरी सांगितलं असणार. तेवढा एक दिवस आई आहे असं वाटायचं, म्हणजे कुणीतरी आहे आणि तिला कारलं आवडतं, असं. आता ती आबांच्या पानाशेजारी दुसरं पान.

मावशींना सांगितलं नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

ऑपरेशन झालं. सकाळी आत न्यायच्या आधी नर्स म्हणाली, गळ्यातलं काढा. मावशींनी दोऱ्यावर हात ठेवला.

"आजी, अंगावर काही चालत नाही."

"हे दागिना न्हाई, बाय."

"काही असू दे. काढावंच लागतं."

त्यांना दोऱ्याची गाठ सुटेना. मी सोडवली. त्यांचा गळा मी पहिल्यांदाच हात लावून बघितला असेल. दोरा होता तिथे त्वचा गोरी राहिलीय. टाक माझ्या हातावर ठेवून त्यांनी माझी मूठ बाहेरून मिटवली, दोन्ही हातांनी.

"सांभाळ तिला. खाली ठिवू नगं."

त्या आत गेल्यावर मी मूठ उघडली. आकृतीचं नाक-तोंड पार झिजून गेलंय, नुसता अंडाकृती उंचवटा. साडीच्या निऱ्या तेवढ्या दिसतात. का कोण जाणे, मी टाक कपाळाला लावला. थंड होता. आणि एवढं ओळखीचं वाटलं की मी तिथेच, त्या बाकावर, सगळ्यांच्या देखत रडले. आई जवळ आली असं वाटलं. इतक्या वर्षांनी ती माझ्या हातात होती, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात नव्हती.

९ ऑगस्ट

शुद्धीवर आल्यावर मावशींनी आधी गळ्याकडे हात नेला. पट्टी लागली. मग माझ्याकडे बघितलं. मी पर्स थोपटून दाखवली. त्यांनी डोळे मिटले.

आवाज बसलाय. कुजबुजल्यासारखा येतो. हळूहळू सुटेल म्हणतात.

११ ऑगस्ट

आत्या बघायला आली होती. डाळिंबं आणि सल्ले दोन्ही पिशवीभर. मावशी झोपल्यावर मला बाहेर घेऊन आली.

"तो टाक कुठाय?"

"माझ्याकडे."

"देऊ नकोस परत. अहेव बाईचा टाक रांडमुंड बाईच्या गळ्यात, बघवत नव्हतं मला. दीड वर्ष झालं सांगतीया. तुझी आई तिथंच अडकून पडली. ना सुटली, ना बसली."

"मग काय करायचं?"

"वाहत्या पाण्यात सोडायचा. नवमी बंद झाली तशी हीपण मोकळी. तू लेक हायस, तुझ्याच हातनं व्हायला पाहिजे."

मला आत्याचं बोलणं कधी पटत नाही. पण 'अडकून पडली' हे शब्द दिवसभर गेले नाहीत. माझी आई चाळीस वर्षं एका परक्या बाईच्या गळ्यात. तिचा पहिला घास, तिचं लुगडं, तिचं बोलणं. आणि मला वर्षातून एक दिवस.

१३ ऑगस्ट

मावशींना घरी आणलं. रिक्षातच विचारलं, "थोरली?"

"कपाटात ठेवलाय नीट. जखम भरेपर्यंत गळ्यात काही घालायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

हे खरं आहे. डॉक्टरांनी सांगितलंय.

"कपाटात अंधार आसल," म्हणाल्या.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाहून आल्यावर फलकाचं राहिलेलं काम करत बसले. नेपाळची नोंद राहिली होती. ती मी कुठून वाचून घेतली नाही, आबांकडची आहे. त्यांच्या छावणीत एक गुरखा शिपाई होता. वैशाखात तो रजा मागायचा, आईचं तोंड बघायला जायचंय म्हणून. त्यांच्यात तसा दिवसच असतो. आणि ज्यांची आई गेली ती माणसं एका कुंडावर जातात. तिथल्या पाण्यात वाकून बघितलं की आईचं तोंड दिसतं, अशी समजूत. आबांनी हे मला एकदाच सांगितलं, मी दहावीत असताना. सांगून उठून गेले. आईबद्दल ते याच्याइतकं जवळ कधी बोलले नाहीत.

मी लिहिलं, 'नेपाळ: पाण्यात आईचं मुख पाहण्याचा दिवस.' पायलने निळ्या रंगात एक कुंड काढलं आणि काठावर वाकलेली मुलगी.

मी ते चित्र बघत बसले आणि मनात ठरून गेलं.

१७ ऑगस्ट, रविवार

सोडला.

मावशींना पेज देऊन, बाजारात जाते सांगून निघाले. कृष्णेचं पाणी चढतंय, कोयनेतून सोडलंय. घाटाच्या वरच्याच पायऱ्या उघड्या होत्या. मी दोऱ्यासकट टाक ओंजळीत धरला, हळदकुंकू लावलं, आणि मोकळी हो म्हटलं. ओंजळ पाण्यात नेली. दोरा क्षणभर बोटाला अडकला. मग गेला.

मग वाकून बघितलं. बघायचंच होतं मला, त्यासाठीच तर आले होते. पाणी गढूळ, चहासारखं, फेस आणि पालापाचोळा. पुराच्या पाण्यात तोंड दिसत नाही. माझंही दिसलं नाही.

मोकळं वाटेल असं वाटलं होतं. पाणी उतरलं की पुन्हा जाईन.

१८ ऑगस्ट

शाळेत पायलला सांगितलं. ती ब्रश धूत होती, धूतच राहिली.

"मॅडम, तो टाक कुणाचा होता?"

"आईचा."

"आईचा म्हणजे आईवरून केलेला. वापरलेला कुणी? तुम्ही विचारलंत मावशींना?"

"त्यांनी नाही म्हटलं असतं."

"हो ना," पायल म्हणाली.

२१ ऑगस्ट

नदीकाठची वस्ती हलवताहेत. शाळेला सुट्टी. मावशी खिडकीशी बसून असतात. आज म्हणाल्या, "जरा दाव की तिला. घालत न्हाई. नुसती बगते."

मी म्हटलं कपाटाची किल्ली ह्यांच्याकडे राहिलीय, आणि हे कोल्हापूरला गेलेत. एवढं बिनतोड खोटं मला सुचतं हे माहीत नव्हतं. त्या बरं म्हणाल्या. त्या नेहमीच बरं म्हणतात.

२३ ऑगस्ट

फलक लागला. पाणी उतरतंय, शाळा भरली. मुलांनी आयांना आणून दाखवला. एका बाईने विचारलं, आमच्यात आईला साडीचोळी करतात अधिक महिन्यात, ते का नाही लिहिलं? खरंच, राहिलं.

घरी आले तर स्वयंपाकघरात पुरी तळल्याचा वास. मावशी भिंतीला टेकून उभ्या. ओट्यावर खीरपुरीचं ताट झाकून ठेवलेलं.

"आज पिठुरी ना. केली जरा. खा."

एवढंच. ताट डोक्यावर घेतलं नाही, काही विचारलं नाही. आवाजही कुठे होता विचारायला. मी उभ्याउभ्या खाल्लं. त्या माझं खाणं बघत राहिल्या.

२९ ऑगस्ट

गणपतीच्या गडबडीत तपासणीचा कागद आला. गाठ चांगली नाही. दुसरीकडेही पसरलीय. डॉक्टर अर्धा तास समजावत होते. त्यातलं मला एवढंच कळलं की वयाकडे आणि ताकदीकडे बघता फार काही करायचं राहिलेलं नाही.

मावशी बाहेर बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तुजं तोंड बगून कळलं. चल, रिक्षा बघ."

घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, देवापुढे बसल्या. मग हसल्या. मला त्यांचं हसणं समजलं नाही.

"मला लय दिसापस्नं एक वाटायचं. मी गेल्यावर माज्या मागं तर दुसरी येनार न्हाई. मग माजा टाक कुनाच्या गळ्यात? थोरलीला मी गावले. मला कोन गावतंय?"

"असं बोलू नका मावशी."

"आणि नवमीबी न्हाई मला. आबा आधी गेलं." पदर नीट करत म्हणाल्या, "असू दे. थोरली हाय तवर माजंबी भागंल. तिला म्हनीन, जरा सरकून बस."

३ सप्टेंबर

सांगितलं.

काल गौरी गेल्या, आज घर रिकामं होतं. त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मीच बोलले. आत्या काय म्हणाली, आई अडकली होती म्हणून, मोकळी व्हावी म्हणून, नेपाळचं कुंड, सगळं. बोलताना मला माझाच आवाज शाळेतल्यासारखा ऐकू येत होता, फलक समजावून सांगतेय असा.

त्यांनी हातातली घडी पुरी केली.

"कुठं सोडलीस?"

"घाटावर."

"पानी लय हुतं का?"

"हो."

मग त्याच कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "तिला पान्याचं भ्या हुतं. हिरीवर सुदीक आत उतरायची न्हाई. कडंला बसून दुसरीकडनं घागर भरून घ्यायची."

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर तिला पाहिलंही नव्हतं."

"इचारलं की. पानवट्यावरच्या बायांस्नी, तिच्या आयला, सुईनीला. मला तिला घालून फिरायचं हुतं. कोन हाय ती ठावं नगं? आबा तर एक सबूद बोलायचं न्हाईत. कारलं आवडायचं, माडगं आवडायचं, हासताना तोंडाम्होरं पदर धरायची, समदं इचारून इचारून गोळा केलं. तुला सांगायला पायजे म्हून."

"मला सांगायला?"

"मग कुनाला? तू मोठी झालीस की इचारशील वाटायचं."

मी कधी विचारलं नाही.

त्या उठल्या, घड्या कपाटात ठेवल्या. कपाट बंद करताना आत जरा बघितलं. सवयीने असेल.

४ सप्टेंबर

सकाळी चहा करताना बघितलं, मावशी बशीतला पहिला घोट घ्यायच्या आधी बोटाने गळ्यापाशी काहीतरी चाचपतात. मग हात तसाच खाली येतो.

५ सप्टेंबर

घाटावर जाऊन आले. पाणी उतरलंय, पायऱ्यांवर वीतभर गाळ. काठीने चाळला. एक पोहणारा म्हणाला, "काय पडलं ताई, अंगठी? न्हाई गावायचं आता. ती गेली खाली कुरुंदवाडला." थट्टा नव्हती त्याची. खरंच सांगत होता.

सराफाकडे विचारलं, नवा करून मिळेल का. म्हणाला, मिळेल की, साचे आहेत, तोंड कसं पाहिजे? मी बाहेर आले.

१० सप्टेंबर

मावशींनी स्वतःहून काढलं. "सोमवारी नवमी हाय. कारली आन."

"आत्या म्हणाली बंद झाली."

"तुजी आत्या बंद करनारी कोन? रांधनारी मी. हाय तवर वाढीन."

सवाष्ण कोण बोलवायची, हा प्रश्न आला. इमारतीतल्या बायका पक्षात दुसऱ्याच्या घरी जेवायला नको म्हणतात. मी पायलला विचारलं. 

"मी सवाष्ण म्हणून बसणार नाही, मॅडम. ओटीही नको. तुमच्या आईची पाहुणी म्हणून बोलावलंत तर येते."

मावशींना भीतभीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाव्हनी तर पाव्हनी. भुकेली आली म्हंजे झालं."

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळपासून अंगात ताप आहे. तीन दिवस शाळेत निम्मी मुलं खोकताहेत. रजा टाकली. हे पडून लिहितेय.

मावशीने स्टुलावर बसून सगळं केलं. मला ओट्यापाशी येऊ दिलं नाही. कारलं, माडगं, पुरण, भजी. मध्येमध्ये दम लागून थांबायची, भिंतीला डोकं टेकायची, पुन्हा झारा हातात. पायल दुपारी आली. येताना गोष्टींचं एक पुस्तक घेऊन आली, शाळेला द्यायला. पहिल्या पानावर तिने वळणदार अक्षरात लिहिलं, 'हरणाबाई यांच्या स्मरणार्थ'. मावशीला वाचून दाखवलं. मावशी म्हणाली, "चांगलं केलंस. ती शाळंत गेली न्हवती, आता बसंल."

पायल पोटभर जेवली. कारलं दोनदा मागितलं. मावशी तिच्यासमोर बसून आईबद्दल सांगत होती, हसताना पदर कसा धरायची, विहिरीला कशी घाबरायची. ओळखीच्या बाईबद्दल बोलतात तसं. मी आतून ऐकत होते. शेवटी पायलने विचारलं, "आणि तुमच्याबद्दल कोण सांगणार, मावशी?" मावशीने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. तिचा आवाज आता दारापर्यंतही येत नाही.

पायल गेल्यावर ती माझ्या खोलीत आली. पडदा ओढला. गळ्यावरची खूण अजून लाल आहे, बरोबर दोरा असायचा तिथे.

"वाढलाय ताप," म्हणाली. "पयल्यापस्नं तुजं असंच. ताप आला की कुनी तरी उशाला पायजे. गोवर आला तवा तर सोडंनास मला. रात्रंदीस रडायचीस, जरा हललं की रडायचीस."

"गोवर? मी किती वर्षांची होते तेव्हा?"

"पैलीत हुतीस. बाईंनी घरी धाडलं हुतं शाळंतनं."

"पहिलीत? नक्की?"

"मग. थोरलीला जाऊन दोन वरसं झालती. मी दाराला लिंबाचा डाळा लावला, तर आबा म्हनलं, आसल्यानं काय हुतंय."

खोलीत अंधार होता. तिच्या मागे दारातून उजेड येत होता, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. हाताला पिठाचा वास होता. मला पुष्कळ काही विचारायचं होतं. एवढंच बोलता आलं, "मावशी, वाक ना जरा."

ती वाकली.

मी डोळे मिटून थांबले. खूप वेळ थांबले. कपाळाला काहीच टेकलं नाही.